दीडशे चौरस फुटांची संस्कृती

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या घोसरवाडच्या वृद्धाश्रमात फेब्रुवारी २०२३ मध्ये एक लग्न लागलं. नवरदेव ७५ वर्षांचे, नवरी ७० वर्षांची, दोघांचेही जोडीदार आधीच गेलेले आणि दोघेही त्याच आश्रमात राहणारे. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये केरळात, त्रिशूरजवळच्या रामवर्मपुरम इथल्या सरकारी वृद्धाश्रमात साठी उलटलेल्या दोघांनी असंच लग्न केलं होतं. तिथे तर राज्याचे एक मंत्री वडीलधाऱ्याच्या नात्याने उभे होते. वधूवरांपेक्षा वयाने लहान असलेला वडीलधारा ही अशा लग्नातली पहिली गंमत, आणि पुढेही बऱ्याच आहेत. मानपानावरून रुसणारे मामा हयात नसतात. मुहूर्त गुरुजींइतकाच डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवर ठरतो. दोन्ही बातम्या लोकांनी कौतुकाने वाचल्या आणि त्या कौतुकात खोटं काही नव्हतं. मात्र वृद्धाश्रमात पोहोचलेल्या माणसाच्या मागे फ्लॅट, ठेवी आणि दागिने यांची रांग सहसा नसते, ही गोष्ट नजरेआड राहिली. हेच दोघं कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या आपापल्या फ्लॅटमध्ये राहत असते आणि एका रविवारी मुलांना म्हणाले असते की आम्ही लग्न करतोय, तर टाळ्या किती वाजल्या असत्या? उतारवयातल्या लग्नाला होणारा विरोध संस्कृतीच्या नावाने मांडला जातो, पण बहुतेक वेळा त्याचा उगम मालमत्तेत आणि पेन्शनमध्ये असतो, असं म्हणायला भरपूर आधार आहे. तसं असेल तर ती चांगलीच बातमी म्हणायची. संस्कृतीचा तंटा शंभर वर्षं चालतो, मालमत्तेचा वकिलाच्या टेबलावर मिटू शकतो.

हिशोबच मांडू. समजा, एका विधुर गृहस्थांचा नऊशे चौरस फुटांचा, स्वतःच्या कमाईतून घेतलेला फ्लॅट आहे. एक मुलगा, एक मुलगी. मृत्युपत्र न करता ते गेले, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे दोघांच्या वाट्याला साडेचारशे-साडेचारशे चौरस फूट येतात. आता या गृहस्थांनी सत्तराव्या वर्षी लग्न केलं. कायदा मागे राहिलेल्या पत्नीलाही मुलांइतकाच एक हिस्सा देतो. वाटे तीन, प्रत्येकी तीनशे. म्हणजे प्रत्येक अपत्याचं नुकसान दीडशे चौरस फूट. ‘बाबा, या वयात हे शोभतं का’, ‘आईचा फोटो भिंतीवर असताना’, ‘नातवंडांच्या शाळेत काय सांगायचं’ या सगळ्या उद्गारांचं क्षेत्रफळ काढलं, तर ते साधारण तेवढंच भरतं. हे चेष्टेने म्हटलं तरी तुच्छतेने म्हटलेलं नाही. आजच्या भावाने शहरातले दीडशे चौरस फूट ही लहान रक्कम नव्हे, आणि गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या पंचेचाळिशीतल्या मुलाने ती मनात मोजली म्हणून तो राक्षस ठरत नाही. तक्रार एवढीच की त्याने ती चौरस फुटांतच मांडावी, त्यासाठी आईच्या फोटोला साक्षीला उभं करू नये.

विरोध संस्कृतीचा नाही याचा सर्वांत पक्का पुरावा मुलंच देतात. लग्नाला नकार देणारी घरं पुष्कळदा एक तोडगा सुचवतात : हवं तर एकत्र राहा, पण लग्न नको. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं. लग्नाऐवजी सहजीवनाचा पर्याय पुढे करण्याची जी कारणं अशा कामात उघडपणे सांगितली जातात, त्यांत मालमत्ता आणि पेन्शन ही दोन पहिल्या रांगेत असतात. आता हा तोडगा संस्कृतीच्या चष्म्यातून पाहा. विशीतल्या मुलीने लिव्ह-इनचं नाव काढलं तर जे घर तीन दिवस जेवत नाही, तेच घर आजोबांना म्हणतं, ‘लिव्ह-इन करा ना, मंगळसूत्र कशाला?’ सप्तपदीला विरोध आणि बिनसप्तपदीला संमती देणारी संस्कृती कुठल्याही धर्मशास्त्रात सापडायची नाही. ती नोंदणी व मुद्रांक विभागात सापडेल.

परंपरेचीच साक्ष काढायची, तर तीही वाटते तितकी सोवळी नाही. विधुराचं लग्न ही आपल्याकडे कधीच समस्या नव्हती, घाई हीच त्यातली काय ती अडचण. विधवाविवाहाच्या बाजूने उभे राहिलेले, पुढे न्यायमूर्ती झालेले महादेव गोविंद रानडे १८७३ मध्ये विधुर झाले आणि त्याच वर्षी वडिलांच्या आग्रहाखातर एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचं लग्न लागलं. सनातन्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही, हळहळले ते सुधारक. वीस वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी मात्र विधवा असलेल्या, वयात आलेल्या, शिकणाऱ्या गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या गावच्या मुरुडकरांनी बहिष्काराचा ठराव केला. तो संसार पुढे अर्धशतकाहून अधिक टिकला, ठरावाला तेवढं आयुष्य लाभलं नाही. म्हणजे वय कधी नडलं नाही, नडलं ते बाईचं दुसरेपण. यावर कुणी देवलांच्या ‘संगीत शारदा’कडे बोट दाखवेल. म्हाताऱ्या नवऱ्याला हसायला तर मराठी माणसाला १८९९ पासून या नाटकानेच शिकवलं. पण देवलांनी कशाला हसवलं ते नीट आठवावं. पैशाच्या जोरावर कोवळी पोर घरात आणू पाहणारा भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी विकणारा कांचनभट आणि मधल्यामध्ये दलाली खाणारा भद्रेश्वर दीक्षित हे त्या उपहासाचे धनी आहेत. भुजंगनाथ एखाद्या साठीच्या विधवा बाईला सन्मानाने मागणी घालता, तर देवलांना नाटकच लिहिता आलं नसतं. जरठ-बाला विवाहाला हसणारं नाटक जरठ-जरठा विवाहाच्या विरोधात साक्षीला आणणं म्हणजे दारूबंदीचं भाषण ताकाविरुद्ध वापरण्यासारखं आहे.

तेव्हाच्या आणि आताच्या काळात आणखी एक फरक पडला आहे, तो आयुष्याच्या लांबीचा. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतात जन्मलेल्या बाळाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. आज साठी गाठलेला भारतीय सरासरीने आणखी सुमारे अठरा वर्षं जगतो. अठरा वर्षं म्हणजे पाळण्यापासून मतदानापर्यंतचा काळ, आणि तो वानप्रस्थ म्हणून काढायला आता वनंही फारशी उरलेली नाहीत. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरचे सुमारे १० कोटी ४० लाख लोक होते. गोव्यात त्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या ११ टक्क्यांच्या घरात होतं, महाराष्ट्रात १० टक्क्यांच्या. या वयाच्या पुरुषांपैकी सुमारे ८२ टक्के विवाहित होते, म्हणजे जोडीदार हयात असलेले. स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ५० टक्के, आणि जवळजवळ तितक्याच, म्हणजे ४८ टक्के, विधवा. सरळ मांडायचं तर वृद्ध विधवा अडीच कोटींच्या आसपास आणि विधुर पाऊण कोटींच्या. एका विधुरामागे तीन विधवा. नवरा वयाने मोठा असावा हा दंडक, बाईचं जास्त आयुष्य, आणि बायको गेली की पुरुषाने पुन्हा लग्न करायचं ही सवय, या तिन्हींची ही बेरीज आहे. म्हाताऱ्यांच्या लग्नावर विनोद करताना डोळ्यांसमोर नेहमी मिशीला कलप लावलेला आजोबा येतो. एकटेपणाच्या रांगेत मात्र चारांतल्या तीन बायका उभ्या आहेत, आणि त्यांच्यावर विनोद करायचंही कुणाला सुचत नाही.

ज्यांनी उतारवयात लग्नाचं धाडस केलं, त्यांच्या वाटा फारशा अद्भुत नाहीत. अभिनेत्री सुहासिनी मुळे यांनी २०११ मध्ये, साठाव्या वर्षी, कण-भौतिकीतले शास्त्रज्ञ अतुल गुर्टू यांच्याशी लग्न केलं आणि त्यांची ओळख फेसबुकवरची. अहमदाबादचे नटुभाई पटेल २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर अशी लग्नं जुळवण्याकडे वळले आणि पन्नाशी-साठीपुढच्यांसाठी त्यांनी गावोगावी मेळावे भरवले. या मेळाव्यांची रीत तरुणांच्या वधू-वर मेळाव्यासारखीच असते, फक्त परिचयपत्रातले रकाने बदलतात. उंची कुणी विचारत नाही, कारण ती दोघांचीही कमी होत चाललेली असते. रंग गोरा की सावळा यापेक्षा केस खरे की आणलेले हा प्रश्न उरतो. गोत्राची जागा रक्तातल्या साखरेने घेतलेली असते आणि छत्तीस गुण जुळण्यापेक्षा दोघांच्या पथ्याचं जेवण जुळणं मोलाचं ठरतं. कांदेपोहे असतातच, पण शेंगदाणे दाताला लागतात म्हणून ते बाजूला काढलेले. ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाला दोन अर्थ येतात आणि दुसरा जास्त महत्त्वाचा असतो : त्याचा मुलगा काय करतो, आणि तो परदेशात असेल तर कितीदा येतो. यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, आणि हसणाऱ्यांत ती दोघं सर्वांत पुढे असतात. पंचविशीतल्या कांदेपोह्यांत दोन्ही बाजू खोटं बोलतात, कारण भविष्य दाखवायचं असतं. इथे दाखवायला भूतकाळ आहे, तो खोडता येत नाही, त्यामुळे बोलणं लवकर खऱ्यावर येतं. गुडघे दुखतात हे पहिल्याच भेटीत कळतं.

‘सोबतच हवी ना, मग लग्न कशाला?’ हा पहिला आक्षेप सभ्य लोक घेतात. हास्यक्लब आहे, भजनी मंडळ आहे, ज्येष्ठ नागरिक संघाची अष्टविनायक सहल आहे. हे सगळं आहे आणि चांगलं आहे. हास्यक्लबाची तर सुरुवातच १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत झाली, म्हणजे तो महाराष्ट्राचाच शोध. पण हास्यक्लब सकाळी भरतो. रात्री आठला वरणभाताचा कुकर एकट्यापुरता लावायचा की कालचंच गरम करायचं, या प्रश्नाला तिथे उत्तर मिळत नाही. रात्री दोनला छातीत कळ आली तर भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘सुप्रभात’च्या फुलांखाली तो निरोप सकाळी सातला वाचला जाईल. आणि ज्यांना सोबतीपलीकडचं काही हवं आहे, स्पर्श, भांडण, कुणीतरी आपल्यावर रागावणं, त्यांनी ते का मागू नये याचं उत्तर ‘या वयात’ एवढंच मिळतं, आणि ते उत्तर नव्हे. विशीत प्रेम करू नका, अभ्यास करा. तिशीत करू नका, नोकरी सांभाळा. चाळिशीत मुलांचं बघा, साठीत देवाचं. प्रेमासाठी आपल्या समाजाने नेमकं कोणतं वय राखून ठेवलं आहे, ते एकदा जाहीर केलं तर बरं होईल.

दुसरा आक्षेप लिव्ह-इनचा, आणि तो गंभीर आहे, कारण काही जोडपी ते मनापासून निवडतात. ज्यांना लग्नच नको, त्यांच्याशी वाद नाही. पण परवडत नाही म्हणून जे लिव्ह-इन पत्करतात, त्यांच्यावर धोका कोसळतो तो दोघांपैकी एक गेल्यावर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश नात्यातल्या स्त्रीला संरक्षण दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० आणि २०१३ च्या निकालांत अशा नात्याचे निकषही सांगितले. वारसा हक्क मात्र त्यातून मिळत नाही. दहा वर्षं एका घरात काढलेल्या बाईचं नाव मृत्युपत्रात नसेल, तर तेराव्याचं जेवण झाल्यावर कुलूप बदललं जातं आणि शेजारी ‘कोण होत्या त्या’ म्हणून विचारतात. रुग्णालयात ‘नातं काय’ या रकान्यात काय लिहायचं, इथपासून हे सुरू होतं. लग्न ही संस्था कितीही जुनाट म्हणा, त्या रकान्यापुरती ती फार सोयीची आहे.

मालमत्तेचा मूळ प्रश्न मात्र सोडवता येतो, आणि त्याला रडारड लागत नाही. स्वकष्टार्जित मालमत्ता कुणाला द्यायची हे माणूस मृत्युपत्राने ठरवू शकतो. लग्न करण्यापूर्वी केलेलं हिंदू माणसाचं मृत्युपत्र लग्नामुळे आपोआप रद्द होत नाही. भारतीय वारसा कायद्यात इतर काही समाजांसाठी तशी तरतूद आहे, हिंदूंच्या मृत्युपत्रांना ती लागू नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्यामुळे दोघांनीही बोहल्यावर चढण्याआधी आपापली मृत्युपत्रं करावीत. मागे राहणाऱ्याला हयातीपर्यंत घरात राहण्याचा हक्क आणि नंतर घर ज्याच्या त्याच्या मुलांना, अशी वाटणी लिहिता येते. मसुदा मात्र जाणत्या वकिलाकडूनच करून घ्यावा, कारण पोटगीच्या बदल्यात दिलेला मर्यादित हक्क पुढे पूर्ण मालकी ठरल्याचे दाखले आहेत. सोसायटीच्या अर्जात नॉमिनी लावला म्हणजे काम झालं या समजुतीवर कुणी विसंबू नये, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आणि बाईनेही मृत्युपत्र करावं. एरवी तिच्या मृत्यूनंतर तिच्या मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने नव्या नवऱ्याचा हिस्सा येतो आणि त्याच्यानंतर तो त्याच्या मुलांकडे जातो. म्हणजे तिच्या आईने दिलेल्या पाटल्या अशा घरात पोहोचू शकतात, जिथे तिला सगळे ‘त्या बाई’ म्हणत होते. आमंत्रणपत्रिका छापण्याआधी मुलांना मृत्युपत्राची प्रत दाखवली, तर संस्कृतीची निम्मी चिंता तिथेच उतरते. उरलेल्या निम्म्यात खरोखरच आईची आठवण असते. तिला वेळ द्यावा लागतो, आणि मुलं तो द्यायला तयार असतील तर बापानेही घाई करू नये.

फसवणुकीचं भय खरं आहे. एकटा माणूस, बँकेत ठेवी आणि फोनवर गोड आवाज, एवढं भांडवल भद्रेश्वर दीक्षितांच्या आजच्या वारसदारांना पुरतं. पण फसवणूक अंधारात पिकते. घरच्यांना सांगायची चोरी असलेला माणूस परक्या दलालाला पहिला गाठ पडतो. महाराष्ट्रात विवाह मंडळांचं नियमन आणि विवाह नोंदणी यांसाठी १९९८ चा कायदा आहे. विशेष विवाह कायद्याखाली तर नोटीस तीस दिवस कार्यालयाच्या फलकावर लागते आणि कुणालाही हरकत घेता येते. तरुण जोडप्यांना जाचणारी ही नोटीस या एका वयोगटाला उपयोगी पडू शकते. महिनाभरात समोरच्याची आधीची बायको उगवायची असेल तर उगवते.

सगळ्यांत वजनदार आक्षेप मात्र बायकांकडून येतो आणि त्याला हसून टाळता येत नाही. एका विधुरामागे तीन विधवा असूनही ज्येष्ठांच्या मेळाव्यांना बायका कमी येतात, हे मेळावे भरवणारेच सांगत आले आहेत. कारण उघड आहे. विधुराला जोडीदार हवी असते असं म्हणतात, पण जाहिरातीतल्या ‘प्रेमळ, घरगुती, निरोगी, वयाने पाच-दहा वर्षं लहान’ या अटी एकत्र वाचल्या की ती स्वयंपाकीण आणि परिचारिका यांच्या एकत्रित पदाची जाहिरात वाटते. फक्त पगाराचा रकाना कोरा. चाळीस वर्षं एकाची पथ्यं सांभाळून झाल्यावर, उशी मनासारखी ठेवून झोपायला मिळू लागल्यावर, दुसऱ्याच्या गोळ्यांची डबी कोण मागून घेईल? आणि तिच्याच घरातही तिच्या श्रमांचे लाभार्थी बसलेले असतात. २०१९ मध्ये झी मराठीवर ‘अग्गंबाई सासूबाई’ ही मालिका आली, तिच्यात सुनेने सासूचं लग्न लावून दिलं. घराघरांत ती आवडीने पाहिली गेली, कारण नात्यांची ती उलथापालथ गोड होती. पडद्याबाहेर मात्र आईच्या लग्नाचा विषय निघाला, की नातवंडांना शाळेतून आणायचं कोणी आणि दिवाळीचा चिवडा करायचा कोणी, हे प्रश्न संस्कारांचा वेश घालून पुढे येतात. म्हणजे बाई एकटी राहिली तर एका घराची फुकटची आजी, आणि लग्न केलं तर दुसऱ्या घराची फुकटची आया. यावर ‘समाजाची मानसिकता बदलली पाहिजे’ हे उत्तर भाषणात ठीक आहे. पण मानसिकता बदलेपर्यंत बाई नव्वदीला पोहोचते. तिला आज नाही म्हणता यायला हवं, किंवा माझ्या अटींवर हो म्हणता यायला हवं. ‘तुमच्या गोळ्यांसाठी माणूस ठेवू, मी ठेवलेली नाही’ हे वाक्य नव्या संसारात तिसऱ्या दिवशी बोलायचं तर तिच्या खात्यात दर महिन्याला तिचे स्वतःचे पैसे जमा व्हायला हवेत.

आणि इथेच सरकारचं घोडं पेंड खातं. १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा आपण सुधारणेचा मैलाचा दगड म्हणून शिकतो, आणि तो होताच. पण त्याच कायद्यातल्या दुसऱ्या कलमाने ठरवलं होतं, की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क, जणू ती स्वतःच त्या क्षणी मरण पावली असावी, अशा रीतीने संपेल. लग्नाला परवानगी, पण कागदावर मृत्यू पत्करून. १९५६ च्या वारसा कायद्याने ही स्थिती बदलली, १८५६ चा कायदा १९८३ मध्ये रद्दही झाला, आणि नवऱ्याचा एकदा मिळालेला वारसा पुढे लग्न केलं म्हणून हिरावला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं. मालमत्तेतून गेलेलं ते कलम पेन्शनमध्ये मात्र सुखाने नांदतं आहे. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतन मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत, जे आधी होईल तोपर्यंत, मिळतं. अपवाद अपत्यहीन विधवेचा, तोही तिचं इतर उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल तर. खासगी क्षेत्रातल्या कामगारांच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतही विधवेचं पेन्शन लग्न केलं की थांबतं. या योजनेतलं किमान पेन्शन २०१४ पासून महिना हजार रुपये आहे. हजार रुपये वाचवण्यासाठी भारत सरकार एखाद्या आजीच्या मांडवात डोळे लावून बसतं, हे दृश्य कुठल्याही प्रहसनकाराला सुचलं नसतं. दुसऱ्या बाजूला, स्वतःच्या नोकरीचं पेन्शन घेणाऱ्या आजोबांनी पंच्याहत्तरीत लग्न केलं तर त्यांचा एक रुपया कमी होत नाही, आणि निवृत्तीनंतर केलेल्या बायकोलाही पुढे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा निकाल आहे. स्वतः नोकरी केलेल्या बाईचं स्वतःचं पेन्शनही शाबूत राहतं, हे खरं. पण आज सत्तरीत असलेल्या किती बायकांनी पेन्शनची नोकरी केली होती?

नव्या नवऱ्याने पोसायचं असताना सरकारी तिजोरीने का पोसावं, असं यावर विचारलं जाईल. याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात देऊन ठेवलं आहे, आणि तो दिवस आपले निवृत्तिवेतनधारक दरवर्षी पेन्शनर दिन म्हणून पाळतात. पेन्शन ही कृपा नाही, केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे, हा त्या निकालाचा गाभा. मग तीस वर्षं एकाने नोकरी केली आणि दुसरीने त्याचं घर चालवलं, यातून आलेला हक्क तिच्या कपाळावरच्या कुंकवाबरोबर कसा पुसला किंवा उमटवला जातो? खर्चाची भीतीही पोकळ आहे. पेन्शन जाईल या धाकाने बाई लग्नच करत नसेल, तर सरकारचं काहीच वाचत नाही. ती विधवा राहते आणि पेन्शन चालूच राहतं. वाचतं ते फक्त लग्न. अमेरिकेतही हा घोळ होता. पेन्शन टिकावं म्हणून तिथले म्हातारे बिनलग्नाचे एकत्र राहत, आणि ते उघड दिसू लागल्यावर १९७७ च्या दुरुस्तीने साठीनंतर पुनर्विवाह केला तरी विधवेचा लाभ कमी होणार नाही अशी सोय झाली. तिकडची सरकारी तिजोरी त्याने रिकामी झाल्याचं कुणी ऐकलं नाही.

आपल्याकडे दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देतात. २०१४ पासून तो बोटाच्या ठशाने ऑनलाइनही देता येतो. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्याला त्यात दोन गोष्टी कबूल कराव्या लागतात : मी जिवंत आहे, आणि मी पुन्हा लग्न केलेलं नाही. जिवंत असावं, पण फार जिवंत नसावं, अशी ही सरकारी अपेक्षा. साठ वर्षांवरच्या स्त्री-पुरुषांसाठी यातला दुसरा रकाना गाळायचा असेल तर घटनादुरुस्ती लागत नाही, संसदेत गदारोळ लागत नाही. केंद्राच्या निवृत्तिवेतन विभागाची एक आणि कामगार मंत्रालयाची एक, अशा दोन अधिसूचना पुरतात. मसुदा अर्ध्या पानाचाही होणार नाही.